सरस न लावलेला पलंग

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वरची खोली माझ्यासाठी झाडून ठेवलीस हे वाचून इतकं बरं वाटलं की पत्र दोनदा वाचलं. तुमच्याकडच्या नकाशे काढणाऱ्या कचेरीत एक मार्चला हजर व्हायचंय, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला देणार आहेत. बाबांना सांगितलं. ते मनापासून खूश झाले. म्हणाले, मुलगी पहिल्यांदाच बाहेर राहायला जातेय, तर झोपेल स्वतःच्या पलंगावर, आणि तो मीच करणार. पलंग झाल्याशिवाय निघायचं नाही असं माझ्याकडून कबूलही करून घेतलं. मी हो म्हटलं. अशा वेळी नाही कोण म्हणेल?

आता घराची दशा ऐक. कारखाना माझ्याच खोलीत थाटलाय. माझी जुनी खाट मोडीत गेली, खिडकीला टेकून कामाचं बाक, आणि दार अर्धंच उघडतं. मी बोळात झोपते, डोक्याशी फळ्या उभ्या. केसांत भुसा, चहात भुसा. माप घेतलं त्या दिवशी मी बाहेर होते, तर स्वारी स्वतःच जमिनीवर आडवी झाली आणि डोक्याशी-पायाशी खडूने रेघ मारली. मी त्यांच्या खांद्याला जेमतेम लागते, हे त्यांना कोण सांगणार?

पण काम फार देखणं आहे गं. एक खिळा नाही. उशाची आणि पायथ्याची चौकट सरसाने चिकटवून पक्की करायची, लांबीच्या पट्ट्या मात्र लाकडी खुंट्यांवर सुट्या, म्हणजे मोडून दारातून बाहेर काढता येईल. आठवडाभरात होईल म्हणतात.

लोभ आहेच. खोली तेवढी दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.

तुझी,
पिटू

११ फेब्रुवारी

चि. पिटूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आठवडाभरात म्हणाला का? बरं. माझ्या लग्नात त्याने मला पेटी करायला घेतली होती. निघायच्या दिवशी झाकण राहिलंच होतं. मी रडून गोंधळ घातला आणि पेटी तशीच उघडी नेली, वरून चादर बांधून. वर्षाने हा धाकटा भाऊ माझ्या दारात उभा! सबंध प्रवासात झाकण मांडीवर घेऊन बसला होता. ते असं काही नेमकं बसलं की अजून उघडायला दोन्ही हात लागतात. मला तेव्हापासून शंका आहे, झाकण आधीच तयार होतं.

तुझा बाप वाईट नाही. तेच तर अवघड आहे. वाईट माणसाला निरोपाची काळजी नसते. तू एक कर, सरसाचा डबा फोडलाय का ते बघ आणि मला कळव.

इथे सगळे ठीक. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढून तुझी खोली रोज बघून येते. आहे ती माया अशीच राहू दे.

तुझी,
आत्या

२१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

डबा फोडलेला नाही. स्वयंपाकघरात अगदी वरच्या फळीवर, रिकाम्या बरण्यांच्या मागे होता.

बाबा सकाळी पलंग जोडतात आणि संध्याकाळी ठोकून सुटा करतात. कधी सांधा सैल वाटतो, कधी लाकूड अजून हलतंय म्हणतात. इथे कुणीच हलत नाही आत्या, ना लाकूड ना मी. परवा मी सरळ विचारलं, माझी तारीख लक्षात आहे ना. जेवण झाल्यावर बोळात आणखी फळ्या आणून उभ्या केल्या. त्या कपाटाच्या. मुलीचे कपडे काय खुंटीला टांगायचे का, असं त्यांचं म्हणणं. आता मला न्हाणीघरात जायचं तरी तिरकं व्हावं लागतं.

शेजारच्या शिंपीणकाकू येऊन लाकडावरून हात फिरवतात आणि म्हणतात, नशीब काढलंस. मी हसते. हसून हसून जबडा दुखायला लागलाय. भांडावं तर कशावरून? ओरडणारे, अडवणारे असते तर केव्हाच दार आपटून निघाले असते. इथे समोर पॉलिश पेपर घेऊन वाकलेली पाठ दिसते, माझा राग जागच्या जागी थिजतो, आणि मग मला स्वतःचाच राग येतो. आई गेल्यापासून ते जमिनीवर गादी टाकून झोपतात. सकाळी उठताना भिंत धरतात, मी दिसले की हात पुढे करतात. मी गेल्यावर हात कोण देणार, हे ते कधी विचारत नाहीत, नुसता रंधा मारत राहतात. मला गुदमरतंय. एक साधा शब्द दिला होता, तो इतका आवळत जाईल असं वाटलं नव्हतं.

जिना फार चढू नकोस. लोभ असू दे, मला आत्ता त्याची फार गरज आहे.

तुझी,
पिटू

२६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

आज बाबा कवळी घासून घ्यायला दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि मी डबा फोडला. चौकटींना सरस लावला. मग लांबीच्या पट्ट्यांनाही लावला. खुंट्यासुद्धा सरसात बुडवून ठोकल्या. एकही सांधा अडला नाही, इतकं त्यांचं काम चोख. चुकून केलं असं समजू नकोस. दाराचं माप मला पाठ आहे, आणि पलंगाचंही.

ते आले, सांध्यावर बोट ठेवलं, बोट ओलं झालं. मग म्हणाले, आता हा दारातून निघायचा नाही. मी हो म्हटलं. तर आत्या, ते चक्क हसले! शीळ घालत आत गेले, माझ्यासाठी चहा करून आणला. पलंग अडकला म्हणजे मीही अडकले, अशी त्यांची समजूत. मी कप रिकामा केला आणि सांगितलं की पलंग झाला, माझा शब्द पुरा झाला, परवा सकाळच्या गाडीने मी निघते.

शीळ थांबली. अजून थांबलेलीच आहे.

हे पत्र आणि मी बहुधा एकदमच पोचू. मी पुढे असले तर वाचून दाखवीन. चटई काढून ठेव.

तुझी,
पिटू

१२ मार्च

चि. पिटूस,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचं पत्र मिळालं. मला लिहायची सवय नाही, तेव्हा थोडक्यात.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. पलंग कापून मोकळा करावा म्हणून सांध्याला करवतही लावली. हात चालेना. सरस तू जास्त लावलास. बाहेर आलेला लगेच पुसायचा असतो. बाकी चौकट काटकोनात आहे. शिंपीणकाकूंनी विचारलं की मुलीचा पलंग मागे कसा राहिला. मी म्हटलं, मोठा झाला.

बाक हलवलं. खिडकी उघडते आता. घर मोकळं झालंय, ते मला आवडत नाही.

काल शेवटी त्यावर आडवा झालो. डोकं चौकटीला लागत नाही, पाय बाहेर येत नाहीत. उठताना पट्टी हाताला येते, भिंत धरावी लागत नाही. खडूची रेघ माझीच होती हे मी विसरलो होतो. तू विसरली नव्हतीस.

कपाटाच्या फळ्या बोळातच उभ्या आहेत. आत्याच्या वरच्या खोलीच्या दाराची रुंदी मोजून कळव. जिना कुठे वळतो तेही. लवकर कळव, सरसाचा डबा फोडलेला आहे, वाळून जाईल.

बाबा