मुलीच्या अर्जातले आबा

आबा, आज दुपारी तीनच्या आत पोरीचा अर्ज परदेशात जायचा आहे आणि तो माझ्या एका होकारासाठी अडलाय. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्याशी बोलायचं मला आजच सुचलं, कारण जिवंत माणसांत हे सांगायला कुणी नाही. द्राक्षाच्या पॅकहाऊसात जेवणाची सुट्टी झालीय. बाकीच्या बाया डबे उघडून बसल्यात आणि मी पेट्यांच्या थप्पीमागं रद्दी कागदावर हे खरडतेय. अक्षर वाकडं आहे. तुम्हाला काय फरक पडतो म्हणा, तुम्हाला वाचताच येत नव्हतं. घरात आलेला कागद मीच तुम्हाला वाचून दाखवायचे.

तुमची नात बारामतीच्या कॉलेजात शिकली. आता तिला आणखी दोन वर्षं शिकायचंय, एक वर्ष एका देशात, दुसरं दुसऱ्यात. विषय काय, तर ग्लोबल स्टडीज. म्हटलं, म्हणजे काय गं? तर म्हणाली, माणसं आणि माल एका मुलखातनं दुसऱ्या मुलखात का जातात, वाटेत कुणाचं काय होतं, त्याचा अभ्यास. मी म्हटलं, आमी रोज द्राक्षं धाडतोय तिकडं, आमाला न्हाय कुणी डिग्री दिली. ती हसली. मला हसू आलं नाही. सगळा खर्च तेच करणार अशी ही एकच जागा आहे. ही हुकली तर निरवांगीच्या स्थळाला होकार द्यायचा, असं तिच्या बापानं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. मुलगा वाईट नाही. पण त्या दिवसापासून पोरगी ताटावर नुसती बसते आणि उठते. तिच्या बोटांची नखं बघवत नाहीत, कुरतडून कुरतडून रक्त काढलंय.

अर्जाला एक निबंध जोडावा लागतो. तुम्ही कोण, कुठनं आलात, हेच का शिकायचंय. काल संध्याकाळी अंथुर्ण्याच्या घरी मी भाकरी थापत होते, तेव्हा तिनं तो मराठीत सांगत सांगत वाचला. त्यात तुम्ही आहात, आबा. घोडीवर लादलेलं बिऱ्हाड आहे, खांद्यावरचं कोकरू आहे. ऐकताना बरं वाटत होतं. मग पुढं आलं, की आजोबांनी आईला चौथीतनं काढून मेंढरांमागं घातलं, त्यांना शाळेची किंमत कधी कळली नाही, म्हणून आईचं जग माळापुरतं राहिलं आणि मला ते मोठं करायचंय. कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलंय म्हणे, ह्याच्यावरच सगळा निबंध उभा आहे, ह्यातला शब्द हलवू नकोस.

"आई, खरं हाय न्हवं समदं? मुलाखतीत खोदून इचारत्यात."

तव्यावरची भाकरी करपली. मी म्हटलं, उद्या सांगते, आत्ता डोकं खाऊ नको.

खरं तुम्हाला तरी कुठं माहीत आहे? मी चौथीत आहे, दसरा झालाय. तुम्ही कळप घेऊन कोकणाकडं निघालाय आणि मला बारामतीत आत्याकडं ठेवलंय. भावकी हसतेय, पोर शिकून मेंढरांना पाढे शिकवणार का म्हणून. तुम्ही मात्र जुन्या घोंगडीचा चांगला तुकडा काढून, तुमच्या हातानं शिवून, मला दप्तराची पिशवी देता. काळी, कडेला पांढरी रेघ. वर्गातल्या पोरी नाकं दाबतात. मेंढराचा वास येतोय म्हणतात. मला तो वास तोवर कधी आलाच नव्हता. चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी पिशवी पाटी-पुस्तकासकट कॅनॉलात फेकली आणि सुप्याच्या एस.टी.त जाऊन बसले. कंडक्टरला सांगितलं, बाप सुप्याला हाय, त्यो पैसं देईल. तुमचा तळ कुठल्या दिवशी कुठं पडतो, ते मला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं.

माळावर तुम्ही विचारलंत, का आलीस. पोरी हसतात म्हटलं असतं तर तुम्ही मला पुढच्या गाडीत बसवून परत धाडलं असतं. मी म्हटलं, "आत्या जेवाय देत न्हाय. मारती."

तुम्ही काठीनं माती उकरत उभे राहिलात. मग म्हणालात, "माझ्या पोरीला उपाशी ठिवती व्हय." आणि मला घोडीवर बसवलंत. तेवढंच.

ती आत्या मला स्वतःच्या पोरांआधी वाढायची, आबा. तुम्ही पुन्हा तिच्या दारात पाऊल ठेवलं नाही. भाऊबीजेला, ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. आत्याला भाऊ होता, धडधाकट होता, आणि तिनं मरेपर्यंत चंद्राला ओवाळलं. तिच्या मातीला तुम्ही गेलात आणि लिंबाखाली लांब उभे राहिलात, डोक्याचं मुंडासं हातात घेऊन. मी तुमच्या शेजारी होते. तेव्हाही बोलता आलं असतं.

पोरीला खोटं सांगितलं ते ती तिसरीत असताना. शाळेत जायचं नाही म्हणून तिनं दाराची चौकट धरून ठेवली होती. मला कामाला उशीर होत होता. तोंडातनं निघून गेलं, माझ्या बापानं मला शाळेतनं काढली, मी तुला काढणार न्हाय, चल. तिनं चौकट सोडली. त्यानंतर एक दिवस शाळा बुडवली नाही. मग ते खोटं मागं कसं घ्यायचं? आणि आज कसं घेऊ? हे काढलं तर निबंधात उरतं काय? एक पोरगी वासाला लाजून पळाली, हे कुठल्या देशाला सांगायचं?

आत्ता तिचा फोन आला.

"आई, साईट अडकाय लागलीया. पाठवू का?"

"धाड."

"खरं हाय न्हवं?"

"व्हय. खरं हाय."

"तुझा आवाज का असा येतोय?"

"कोल्डरूममध्ये हाय. गारठलीया."

तिनं तिकडं बटण दाबलं. मग म्हणाली, गेला आई, गेला, आणि रडायला लागली. मी फोन ठेवला.

घंटा झाली, बाया उठल्या. हा कागद आता कुठं ठेवू? तुमचे कागद मी वाचायचे, आमच्या घरातले ती वाचते. तिच्या हाताला लागायच्या आत चुलीत गेला पाहिजे.

लोक म्हणतील, आईनं लेकीसाठी केलं. तुम्हीही म्हणाल, तुम्ही तसेच. पण फोन ठेवल्यावर आधी पोरगी आठवली नाही, आबा. आधी वाटलं, सुटले.