चित्रकलेच्या सरांचा वाढदिवस

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

बातमी अशी आहे की आधी खाली बस. आपला फुटबॉल क्लब विकला गेला! आणि घेतला कुणी? तू ज्या देशात पोरांना गणित शिकवतेस ना, त्या देशाच्या सरकारनं! म्हणजे एका परीनं तू माझी मालकीण झालीस. आता जरा सांभाळून घे हो.

गावाला नुसतं उधाण आलंय. न्हाव्यानं दुकान निळं रंगवलं, आरशांच्या कडासुद्धा. तुझा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ, जन्मभर मला बजावत आला की बाईमाणसाला फुटबॉलचं निवेदन शोभत नाही. तो परवा शिट्टी विकत घेऊन स्टेडियममध्ये हजर. माझ्या निवेदनाच्या खोलीला नवं छत मिळालं. आता कागदांवर छत्री धरावी लागत नाही. नवा मायक्रोफोन तर इतका तिखट कानाचा आहे की माझा सुस्कारा सगळ्या स्टेडियमनं ऐकला.

आणि हरण्यात एवढं सातत्य राखून असलेला आपला संघ चक्क जिंकला गं! शेवटच्या गोलाला मी खेळाडूचं नावच विसरले. नुसतीच ‘अगं बाई’ म्हणून ओरडले.

तिकडचे लोक काय म्हणतात ते कळव. लोभ आहेच, तो आपल्या गोलांसारखा अचानक वाढला तरी चालेल.

तुझी आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मालकिणीचा पहिला हुकूम: घसा सांभाळ. मी इथे मजेत आहे. पोरं निळे शर्ट घालून वर्गात येतात. चौकातल्या मोठ्या पडद्यावर आपल्या मॅच दाखवतात. तो आवाज माझ्या आत्याचा आहे असं मी सगळ्यांना सांगते, आणि सगळे मला वेड्यात काढतात.

शाळेत काम जरा वाढलंय. चित्रकलेचे सर हल्ली येत नाहीत, त्यांचे तास मीच घेते. मी फळ्यावर हत्ती काढला, पोरांनी तो बटाटा समजून रंगवला.

बाबांना नमस्कार. शिट्टी घरात वाजवू देऊ नकोस. माया आहे तशीच असू दे.

तुझी भिंगरी

८ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पुन्हा जिंकलो! न्हाव्यानं आनंदाच्या भरात एका गिऱ्हाईकाच्या अर्ध्या मिश्या उडवल्या. तो बिचारा म्हणाला, राहू दे, विजयाची खूण.

आता मुद्द्याचं. वर्षभर तुझ्या प्रत्येक पत्रात हे चित्रकलेचे सर डोकावतात. ते हसले काय, त्यांची सायकल घसरली काय, त्यांना कारल्यासारखं तोंड करता येतं काय! आणि आता येत नाहीत म्हणतेस, पण का ते एका अक्षरानं लिहीत नाहीस. भांडलात का? मला काय दुधखुळी समजतेस?

उत्तराची वाट बघते. मायेत खंड नाही, चौकशीतही नाही.

आत्या

३० मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र टपालानं नाही, रजेवर येणाऱ्या माझ्या नर्स मैत्रिणीच्या पिशवीतून येतंय. इथली टपालातली पत्रं आधी दुसरंच कुणी वाचतं.

आम्ही भांडलो नाही. त्याला पकडून नेलंय. (हो, आवडतो मला. चिडव हवं तितकं.) पालकसभेत उभं राहून त्यानं एवढंच विचारलं की आपल्या दवाखान्यात डॉक्टर नाही, मग आपलं सरकार परक्या गावचा फुटबॉल क्लब कशाला विकत घेतं? आपलाच क्लब, आत्या. दुसऱ्या दिवशी भर वर्गातून नेलं, हाताला रंग तसाच होता. त्याची आई रोज कचेरीत जाऊन विचारते, आणि ते सांगतात की असा कुणी माणूस आमच्याकडे नाहीच.

एक मागू? मध्यंतरात तू वाढदिवसाच्या शुभेच्छा देतेस. नाव न घेता, पुलाजवळचा न्हावी, शाळेतली शिपाईणबाई अशा. मग सगळं स्टेडियम ‘कुठाय? कुठाय?’ असं ओरडतं, आणि तो माणूस आपल्या जागी उभा राहून हात हलवेपर्यंत थांबत नाही. इथल्या पोरांनाही ती आरोळी पाठ झालीय. एप्रिलच्या मध्यात मॅच आहे, त्याच दिवशी त्याचा वाढदिवस आहे. मी त्याच्या आईला विचारलं. ती म्हणाली, गप्प बसून तरी काय मिळालं?

तुझी नोकरी जाईल, आणि ती खोली म्हणजे तुझा जीव आहे हे मला ठाऊक आहे. नाही म्हणालीस तर रुसणार नाही. आहे तशी माझीच राहा.

भिंगरी

२१ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, आणि त्या कारलेतोंड्यालाही.

खरं सांगते, पत्र वाचून आधी तुझाच राग आला. उभा जन्म हरणाऱ्या संघावर जीव लावला, आता कुठे चार दिवस सुखाचे आले, तर ही पोरगी त्यात खडा टाकते! मग खोलीत जाऊन बसले आणि वर बघितलं. हे छत कुणाच्या दवाखान्यावरचं, असं मनात आलं. त्यानंतर मला तिथे बसवेना.

मॅचच्या दिवशी मध्यंतरात आधी न्हाव्याच्या सासूला शुभेच्छा दिल्या. तिनं उभं राहून छत्री फिरवली, पुढच्याच्या डोक्याला लागली. मग मी सांगितलं की आपल्या नव्या मालकांच्या देशात नदीकाठच्या एका शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचा आज वाढदिवस आहे, आणि आपल्या क्लबाबद्दल एक प्रश्न विचारला म्हणून त्यांना नेलंय.

आरोळी काही उठेना. वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात कोपऱ्यातून एक घोगरा आवाज आला, कुठाय? तुझा बाप गं! मग सगळं स्टेडियम. आता उभं राहायला कुणी नाही, आणि आपली माणसं तर कुणी उभं राहिल्याशिवाय थांबत नाहीत. थांबलीच नाहीत! खेळाडू परत आले, पंच शिट्टी फुंकून फुंकून लालबुंद झाला, मानाच्या कक्षातले तुमचे मंत्री बसले, उठले, पुन्हा बसले. मी हसत होते की रडत होते, देव जाणे.

मॅनेजर धापा टाकत आला आणि म्हणाला, खेळात राजकारण आणू नका. मी म्हटलं, अख्खं सरकार येऊन क्लब घेऊन बसलंय, आणि राजकारण मी आणलं होय? मायक्रोफोन चालूच होता. काय टाळ्या पडल्या!

नोकरी गेली. न्हावी बोलत नाही. सरकार रुसून गेलं तर आपण पुन्हा तळाला, हे त्याचं म्हणणं. जाऊ दे. पुढच्या मॅचला तिकीट काढून तुझ्या बापाशेजारी बसणार आहे. मेल्या निवेदिकेला कधी कुणा एकाच्या बाजूनं ओरडताच आलं नाही. फक्त रात्री एकच भीती वाटते, त्याचं काही वाईट तर झालं नाही ना? हे पत्र तुझी मैत्रीण परत जाताना नेतेय, तूही उत्तर कुणाच्या तरी हातीच धाड. जीव टांगणीला लागलाय.

आत्या

६ मे

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, दोनदा.

तो आहे! आत्या, तो आहे! सगळा देश मॅच बघत होता, मग ‘असा माणूस नाहीच’ हे कुणाला सांगणार? त्याच्या आईला बोलावून भेटवलं. वाळलाय, दाढी वाढलीय. सोडलेलं नाही, कधी सोडतील तेही ठाऊक नाही. मलाही शाळेतून काढलं. आता आत्या-भाची दोघी बेकार.

पण ऐक. पहारेकरीही मॅच बघत होते. आरोळी थांबेना, तसा त्यातला एक कोठडीपाशी येऊन म्हणाला की तुम्हालाच शोधताहेत वाटतं, उठून हात तरी हलवा. आणि हा वेडा खरंच उठला. भिंतीकडे तोंड करून हात हलवला.

मग वरिष्ठांनी टीव्ही बंद करायला लावला. त्यामुळे आईला त्यानं पहिलं काय विचारलं असेल? मॅच कोण जिंकलं! तो आपला प्रश्न काही सोडत नाही, म्हणतो क्लब घेणं चूकच. पण निकाल हवाय. आणि तू एवढं मोठं पत्र लिहिलंस, त्यात निकालच नाही!

आई पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटणार आहे. लवकर कळव. हरलो असलो तरी कळव.

तुम्हा दोघा भावंडांची
भिंगरी