जांभळा झगा

बाबा,

आज मिरज स्टेशनवरून तुमची पत्र्याची ट्रंक घरी आणली. पार्सल बावीस रुपये, हमाली पाच, सांगलीपर्यंत रिक्षा तीस. रिक्षावाला चाळीसला अडून बसला होता. बिशप बंगल्याच्या माळ्यावर तुमच्या माघारी इतकी वर्षं पडून होती म्हणे. आत तुमचा जांभळा झगा, मेंढपाळाच्या काठीसारख्या तुमच्या दंडाचे सुटे तीन तुकडे आणि गळ्यातला क्रूस.

झग्याला अजून डांबरगोळ्यांचा वास आहे. तो आला आणि मी थेट तुमच्या बिशपपदाच्या दीक्षेच्या दिवशी, त्या मोठ्या देवळात. उंब्रजला साधे पाळक असताना तुम्ही सायकलला भाकरी बांधून गावोगाव प्रार्थनेला जायचात, घरी आलात की आईला लसूण सोलून द्यायचात. तेच तुम्ही तिथे फरशीवर गुडघे टेकलेत, आणि सगळे बिशप भोवती येऊन तुमच्या डोक्यावर हात ठेवताहेत. हातावर हात, त्यावर आणखी हात. तुमचं टक्कल दिसेनासं होतं. आई कानात म्हणते, "अगं, मान मोडंल की त्यांची!" मला हसू येत नाही. वाटतं, त्या सगळ्यांच्या वर अजून एक हात आहे, न दिसणारा, आणि तोच सगळ्यांत जड. बाहेर आल्यावर तुमच्याजवळ यायचा मला धीर होईना. शेवटी तुम्हीच म्हणालात, "ये की गं, चावत न्हाई मी."

आता तुमची थोरली नात पाळक व्हायचं म्हणते. हल्ली आपल्यात मुलींनाही दीक्षा देतात. इकडे साताऱ्याचं चांगलं स्थळ आलंय, त्यांना मुलगी पसंत आहे, पण पाळक झालेली सून नको. हे म्हणतात, "तू ठरव. बिशपची लेक तू."

मला वाटलं, झगा आहेच, आखूड केला की तिला होईल. नवा कशाला शिवायचा? तिच्या अंगावर चढवून टाचण्या लावत होते, तेवढ्यात पाळकीणबाई आल्या. "अगं बाई! जांभळा बिशपनंच घालायचा. पोरीला सेमिनरीत शिकायला धाडायच्या आधीच बिशप करतीस व्हय?" पोरगी पोट धरून हसली. मीही हसले. तुमच्या घरात वाढून एवढं कळू नये मला!

पण बाबा, त्या यायच्या आधी पोरगी आरशाकडून माझ्याकडे वळली होती. मी खाली बसलेली, तोंडात टाचण्या. आणि मी उठून उभी राहिले. तुम्ही देवळात पाऊल टाकलंत की मंडळी उठायची, तशी. स्वतःच्या पोरीसमोर. तिला वाटलं, आईचे गुडघे आखडले. मी तसंच वाटू दिलं.

स्थळाला रविवारी उत्तर द्यायचंय. त्यांना नाही म्हणायचं माझ्या ओठांवर आलंय, पण पोरीचं पुढे कसं होईल, ही भीती आहे. हे पत्र टाकणार तरी कुठल्या पेटीत? झग्याच्या घडीत ठेवते. सेमिनरीत जाऊ देऊ ना तिला? तेवढं उलट टपाली कळवा.