बाटलीवरचं नाव

९ जानेवारी २००५

"सिगारेट ओढतो, पण धूर बाहेर सोडतो." मला बघायला आले तेव्हा किशोररावांनी दिलेली ही हमी. चोवीस वर्षं पाळतायत – बिचारे! बाहेर म्हणजे स्वयंपाकघरात, पलंगावर, माझ्या लिहायच्या टेबलाशी.

मोहिनी पुण्याहून आली, बापासाठी एक प्लास्टिकची बाटली घेऊन. प्रयोगशाळेत ती सिगारेट ओढणाऱ्यांचा कफ तपासते.

"बाबा, सकाळी उठल्याउठल्या खोलवरून खोकून यात थुंकायचं."

"एम.एस्सी. केलीस ती बापाची थुंकी गोळा करायला?"

मग मोहिनीने मला समजावलं. पेशींना बेफाम वाढू न देणारी जनुकं असतात. धुराने ती तुटतातच असं नाही. त्यांच्यावर मिथाइलच्या बारीक टिकल्या चिकटतात – मिथायलेशन – आणि धडधाकट जनुक गप्प बसतं. पुढे फुफ्फुसाच्या कॅन्सरला वाट मोकळी.

टिकली लावून गप्प बसवायचं! शास्त्रज्ञांना हे आत्ता कळलं?

१० जानेवारी

मोहिनी अंघोळीला गेली आणि हे बाटली घेऊन ओट्यापाशी.

"अगं, मला कफच येत नाही. किती निरोगी बघ! तुझा खोकला थंडीभर चालूच आहे. तूच दे. नाहीतर पोरगी वर्षभर डोकं खाईल."

दिला. उपास यांच्या नावाने करते, मग खोकला का नको? बाटलीवर नाव – किशोर. लेक खूश, बाप खूश!

५ फेब्रुवारी

मोहिनीचा फोन. रडत होती. "आई, दोन जनुकं बंद सापडली. हा कॅन्सर नाही गं, पण बाबांना छातीच्या डॉक्टरांकडे ने. स्कॅन करून घे."

हे शेजारीच उभे होते. सगळं ऐकलं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

ते गॅलरीत गेले. दार ओढून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा धूर खरंच बाहेर सोडला.

७ फेब्रुवारी

बातमी ओझरला, यांच्या कारखान्यापर्यंत पोचली. कारखान्यातले मित्र द्राक्षं घेऊन आले. हे उशीला टेकून बसले होते. मधूनमधून कण्हतायतसुद्धा – सुरेख! खरं सांगतील म्हणून मी थांबले. यांनी द्राक्षं खाल्ली.

नणंद सरिता डोळे पुसत म्हणाली, "दादा, बोलू नकोस, दमशील." मी चहा गाळताना खोकले, तर धावत आत आली. "वहिनी, दादासमोर नको गं खोकू. घाबरेल तो."

पदर तोंडावर धरला.

८ फेब्रुवारी

धुवायला टाकलेला यांचा शर्ट नाकाशी धरला. तोच वास. लग्नानंतर हे कामावर गेले की मी असाच धरायचे. आवडायचा मला. हे कुठल्या डॉक्टरला सांगायचं?

भीती वाटते.

९ फेब्रुवारी

उद्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे – यांच्या नावाने. आत तपासून घ्यायला मीच जाणार, ते ठरलंय. मोहिनीला मीही सांगू शकते. पण मला ते यांच्या तोंडून ऐकायचंय.

निघण्याआधी म्हणणार आहे – अहो, तिला फोन लावा आणि एवढंच सांगा, ती बाटली तुझ्या आईची होती.

नाही म्हणतील. म्हणतील, "एवढे लोक भेटून गेले, आता त्यांना काय सांगू?"

तरी म्हणणार आहे.