जशुभाईंच्या ओठांवरचं

वासणा, बडोदे

ती. वत्सलाताई,

तुला आणि भाऊजींना इथूनच वाकून नमस्कार.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुझा फोन घेत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर हल्ली नुसती घरघर येते, म्हणून हे पत्र.

रिटायर झाल्यावरचे दिवस वाईट गेले, ते तुला कळवलं नव्हतं. कारखान्यात माझ्या एका इशाऱ्यावर अख्खी पाळी हलायची. घरी मात्र नलिनी स्वयंपाकघरातून विचारायची एक आणि मी उत्तर द्यायचो भलतंच. शेवटी मी बोलणंच सोडलं.

मध्यंतरी शेजारच्या जशुभाईंचं घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आवाज कायमचा गेला. हात थरथरतात, त्यामुळे लिहिताही येत नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ते ओठ हलवत होते आणि घरचे रडत होते. ‘चामां खांड नथी.’ चहात साखर नाही, एवढंच सांगत होते ते.

मला ते सहज कळलं. कंप्रेसरच्या गोंगाटात आम्ही सारी नोकरी एकमेकांच्या तोंडाकडे बघूनच बोललो.

आता रोज सकाळी पाळीवर निघाल्यासारखी दाढी करून त्यांच्याकडे जातो. काल त्यांना बायकोशी काही बोलायचं होतं. ते मी तिला शब्दाला शब्द सांगितलं आणि उठून आलो. त्यांच्या डॉक्टरांनी अशाच आणखी एका पेशंटसाठी मला बोलावलंय.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढत नाहीस ना?

दिवाळीला येतो. बोलताना तोंडावर पदर धरायची तुझी सवय तेवढी आता सोड, ताई.

तुझा,
दिगू