मंडळाला आवडलेलं दीड पान

प्रिय ठमे,

पाकीट फोडलंस, म्हणजे अर्धी लढाई जिंकलो. एकवीस वर्षं माझी पत्रं न उघडता परत पाठवण्याचा तुझा नेम चुकला नाही, म्हणून या वेळी वर प्रकाशन मंडळाचा शिक्का मारला. एवढी लबाडी पोटात घाल. पुढे मोठी येते आहे.

संपादक सख्खा भाऊ आहे हे ठाऊक असूनही तू कादंबरी आमच्याच मंडळाकडे पाठवलीस. त्यातला भाऊ वडिलांच्या अखेरच्या आजाराची खबर बहिणीपासून दडवतो, का तर तिची परीक्षा चालू असते. ती पोचते तेव्हा कबरीवर माती पडून गेलेली असते. भावाचं नाव बदललंस, घसा खाकरायची खोड मात्र माझीच ठेवलीस. बरं केलंस.

आधी संपादक म्हणून बोलतो. चर्चच्या पाळकाचं सहा पानी प्रवचन मी एका परिच्छेदात बसवलं. असल्या लांबणीला शास्त्रात रसभंग म्हणतात, घरात डोकं खाणं. बाकी कथेला हात लावायची गरज नव्हती, शेवटाला तर नाहीच. बहीण भावाच्या दाराशी येते, आतला रेडिओ ऐकत उभी राहते आणि कडी न वाजवता परत फिरते. तिथे मी उठून पाणी प्यायलो.

मंडळ मात्र भडकलं. अध्यक्ष म्हणाले, "ख्रिस्ती कादंबरी आणि क्षमा नाही? मग संदेश कुठे गेला, फिरायला?" मी म्हटलं, साहेब, ती दारापर्यंत आली, यापरता संदेश कोणता? ते म्हणाले, "वाचकाला दार उघडलेलं लागतं. शेवट बदला, नाहीतर बाड परत करा." या बाडावर तुझी बारा वर्षं गेली, हे आत्याकडून कळलं होतं. ते परत धाडायला हात धजेना.

तुला विचारायला हवं होतं. ते सोडून मी स्वतःच दीड पान लिहिलं. बहीण कडी वाजवते, भाऊ रडतो, ती त्याच्या खांद्यावर हात ठेवते. ठमे, इतकं सरसर मी जन्मात काही लिहिलेलं नाही. एक खाडाखोड नाही. मंडळाने एकमताने मंजूर केलं. खजिनदारबाईंनी तर डोळे पुसले.

घरी येताना जिन्यातच पाय थबकले. बाबांच्या वेळी केलं तेच मी पुन्हा केलं होतं. तुझ्या भल्यासाठी, तुला न कळवता.

आज सकाळी छापखान्यात जाऊन ते पान काढून आणलं आणि अध्यक्षांना खरं काय ते लिहून दिलं. तुझाच शेवट राहिला तर बाड परत येईल, कदाचित माझी खुर्चीही जाईल. शुक्रवारपर्यंत छपाई थांबवून ठेवली आहे. पान सोबत जोडलं आहे. मंडळाला क्षमा हवी आहे. मला ती किती हवी आहे, ते अक्षरावरून दिसेलच. पण ती माझ्या हातची छापली जाऊ नये. फाड, ठेव, दुसरं काही लिही, किंवा तुझा शेवट तसाच राहू दे. एवढं विचारायला हे पत्र. हे मी बाबा असतानाच विचारायला हवं होतं.

तुझाच,
दादा