न धुतलेली पाटी

सोमवार, ३ फेब्रुवारी

केलं ते केलं! मामानं आईसाठी कुराणाच्या आयता लिहून दिलेली लाकडी पाटी मी धुतलीच नाही. पलंगाखाली सरकवली. दौतीतली नुसती काजळीची शाई पाण्यात ढवळली, बाटलीत भरली – आणि आईला पहिला पेला दिला. बिस्मिल्ला म्हणून प्यायली बिचारी.

मामानं मला बजावलं होतं – "तलातू, आधी वजू कर, हातपाय-तोंड धू, मग पाटीवरची अक्षरं धू. ते पाणी तीन सकाळी पाज, मग खुशाल दवाखान्यात ने." गुरुवारी तिच्या गळ्याची गाठ काढणार आहेत. या पाण्याशिवाय ती जायला तयारच नव्हती. आणि मी!

पण आयतांभोवतीची ती गुंफलेल्या गाठींची किनार! मामाचा हात आता थरथरतो, पुन्हा जमेल का त्याला? माझ्या रमजानच्या चित्रमालिकेला हीच हवी. फोटोत शाई नुसती काळी दिसते, लाकडावर कडेनं तांबूस होते. आधी रंग जुळवू, मग धुऊ म्हटलं, तर आईची घाई.

मंगळवार, ४

किनार टॅबलेटवर झकास उतरतेय. मालिका मागवणारे लागोसचे लोक खूश. आई शेजारणीला सांगत होती, "भावाच्या हातचं आहे. आता मला कसली भीती?"

बुधवार, ५

आजही शाईचंच पाणी. पाटी धुवायला चारदा पलंगाशी गेले. किनारीचा एक कोपरा उतरवायचा राहिलाय, म्हणून चारदा परत फिरले. नालायक आहे मी.

गुरुवार, ६

तीन तास लागले. सुखरूप आहे. आत नेताना माझा हात घट्ट धरला होता तिनं. तिच्याकडे बघवलं नाही.

रविवार, ९

आई घरी आली. घसा बसलाय, कुजबुजतेच. रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," म्हणाली. "सोमवारीच दिसली पाटी, झाडताना."

"मग बोलली का नाहीस? तशीच गेलीस?"

"लहानपणी कुराण वाचायला बस म्हणून छडी घेऊन धावायचे तुझ्यामागे. आता आपणहून बसलीस, दिवस दिवस, त्या अक्षरांपुढे. ती पुसायला कशी सांगू गं?"

"भीती नाही वाटली?"

"वाटली की! खूप वाटली."

सोमवार, १०

मी किनार बघत होते. अक्षरं एकदाही वाचली नाहीत.